लाल उंदीर, हिरवे उंदीर

१

उंदीर चाळीस होते, आणि चाळीसच्या चाळीस भरले. पिंजरे जागेवर होते, कुलूप शाबूत होतं, आणि त्या खोलीला खिडकी मुळातच नव्हती. तरीही डॉ. अरुणा उपाध्ये टेबलावर हात आपटून सांगत होत्या की घात झालाय.

"इंगवले मॅडम, तुम्ही पोलिसात होता ना? मग लिहून घ्या. खून झालाय."

"कुणाचा?"

"माझ्या चार वर्षांच्या कामाचा."

संयोगिता इंगवलेंनी उघडलेल्या पेनाला परत टोपण लावलं. एकतीस वर्षं पोलीस खात्यात काढून त्या सहायक निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. हुपरीतला चांदीचा दरोडा त्यांनी उलगडला होता, दोन खुनांचे तपास तडीला नेले होते. त्यानंतर कागल रस्त्यावरच्या या संशोधन केंद्रात प्रशासन अधिकारी झाल्या, त्या निव्वळ आता रजेचे अर्ज आणि गेटपास एवढंच बघायचं म्हणून. आणि बघावं लागत होतं काय, तर उंदरांचं पोट.

संचालक राजवर्धन सरनोबत यांनी सकाळीच त्यांना बोलावून एक कागद पुढे टाकला होता. सरनोबत माणूस थोराड. केंद्रातली एकच खुर्ची त्यांच्या मापाची, तीही मुद्दाम करून घेतलेली. कागद म्हणजे निनावी पत्राची प्रत होती. मूळ पत्र दिल्लीच्या निधी देणाऱ्या कार्यालयात पोचलं होतं. मजकूर दोनच ओळींचा: 'डॉ. उपाध्ये यांचे पहिले निकाल खरे होते का, ते तपासावे. तोच प्रयोग पुन्हा केल्यावर ते निकाल आलेले नाहीत.'

"आठ दिवसांत अहवाल द्या," सरनोबत वैतागून म्हणाले. "रौप्यमहोत्सव तोंडावर आलाय. पत्रिका छापून झाल्या, फिल्म तयार झाली, पाहुणे ठरले, आणि आता हे झंगट."

"अहवाल विरोधात गेला तर?"

"तर प्रकल्प बंद. दिल्लीनं आत्ताच सगळं थांबवलंय."

थांबलं होतं ते साधं नव्हतं. गगनबावड्याकडच्या वाड्यावस्त्यांवर काही पोरांना वर्षातून सहासहा वेळा जुलाब होतात, आणि त्यांच्या शेजारच्या घरातली, तेच पाणी पिणारी पोरं मात्र ठणठणीत असतात. अरुणाबाईंनी चार वर्षं दोन्ही पोरांची शी गोळा केली. ठणठणीत पोरांच्या आतड्यात काही जंतू असे राहतात की जे शरीराच्या प्रतिकारशक्तीला शिकवतात, कुणाशी भांडायचं आणि कुणाला राहू द्यायचं. ते जंतू आजारी पोरांना द्यायचे, अशी योजना होती. जानेवारीपासून चाळीस पोरांना सुरुवात होणार होती.

"आणि समजा," संयोगिताबाईंनी विचारलं, "पत्रात लिहिलंय ते खरंच असेल तर?"

अरुणाबाई ताडकन उठल्या. "तर माझ्यासारखी नालायक बाई कोल्हापुरात दुसरी नाही. कारण मग मी त्या पोरांच्या तोंडात काय घालणार होते, हे मलाच माहीत नाही!"

२

प्रयोग समजून घ्यायला संयोगिताबाईंना अर्धा दिवस आणि तीन कप चहा लागला. ज्याला त्याला वाटे की आपण सोपं करून सांगतोय.

जन्मापासून जंतूविना वाढवलेले चाळीस उंदीर. त्यातल्या वीस उंदरांच्या पोटात ठणठणीत पोरांचे जंतू सोडले. त्यांच्या कानाला हिरवे बिल्ले. उरलेल्या वीस उंदरांना आजारी पोरांचे जंतू. त्यांना लाल बिल्ले. महिनाभरानं सगळ्यांना जुलाबाचा रोग दिला. पहिल्या प्रयोगात हिरवे तगले आणि लाल सुकून गेले. शोधनिबंध छापायचा तर प्रयोग पुन्हा करून दाखवा, असं तज्ज्ञांनी कळवलं. ऑगस्टच्या शेवटी पुन्हा केला. या वेळी हिरवेही तगले आणि लालही तगले. फरक शून्य.

उंदरांना जंतू पाजले होते स्नेहल मगदूमनं. अरुणाबाईंच्या हाताखाली पीएच.डी. करणारी, रोज कागलहून बसनं येणारी शांत मुलगी. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"मी बरोबरच दिलेत, मॅडम. लाल बाटली लाल उंदरांना, हिरवी हिरव्यांना. दोनदा बघून दिलेत."

"बरं."

"आणि ते पत्र कुणी लिहिलं, मला माहीत नाही."

संयोगिताबाईंनी पत्राचा विषयच काढला नव्हता. त्यांनी मान डोलावली आणि मुलीला जाऊ दिलं. काही फळं जरा झाडावर राहिली की आपोआप पिकतात, हा त्यांचा खात्यातला अनुभव होता.

दुसरे होते शेजारच्या प्रयोगशाळेतले डॉ. विश्वजित खराडे. काटकुळे, घाईत असलेले, आणि अरुणाबाईंची अर्धी जागा आपल्याला मिळावी म्हणून वर्षभर अर्ज करणारे. उंदरांच्या खोलीच्या नोंदवहीत सप्टेंबरच्या एका बुधवारी त्यांचं नाव होतं.

"वजनकाटा मागायला गेलो होतो. चार मिनिटं! वहीत वेळ आहे, बघा," ते कडाडले. "मला त्या प्रयोगात हात घालायची गरजच काय? उंदरांवर पोटाचा प्रयोग करणं हाच मुळात भाबडेपणा. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, माहितीय तुम्हाला?"

"नव्हतं. आता झालं," संयोगिताबाई कष्टानं म्हणाल्या. समोर चहा होता.

"एका पिंजऱ्यात ठेवले की दोन दिवसांत सगळ्यांचं पोट सारखं. म्हणून प्रत्येक उंदराला वेगळा पिंजरा लागतो. काय कटकट!"

तिसरा बापूसो लोहार. गेली चौदा वर्षं तो उंदरांचं खाणंपाणी बघत होता. बुटका, पंचावन्नचा, एकेक शब्द तोलून बोलणारा.

"बापूसो, सप्टेंबरात एखादा उंदीर खोलीबाहेर गेलता का?"

"एकबी न्हाय, म्याडम."

"पिंजऱ्यांची अदलाबदल?"

"कशी हुईल? कानात बिल्ला हाय, बिल्ल्यावर नंबर हाय. ज्येचा पिंजरा त्येला. मी सोता बघून ठेवतो की."

"खोलीत कोण परकं आलतं?"

"न्हाय. आली ती आपलीच माणसं."

तिघांनीही सरळ उत्तरं दिली होती, आणि तिघांच्याही उत्तरांनी काही हाती लागलं नव्हतं. संध्याकाळी पोलीस ठाण्यातल्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. "काय मॅडम, उंदीर कबूल झाला का?" एवढंच विचारून तो खोखो हसला. संयोगिताबाईंनी फोन ठेवला, आणि ठेवता ठेवता त्यांचा हात थबकला.

उंदीर कबूल करणार नाही. पण उंदराच्या लेंड्या?

३

"दर सोमवारी प्रत्येक उंदराची लेंडी गोळा होते. गोठवून ठेवतो आम्ही," अरुणाबाई म्हणाल्या.

"मग ती तपासा."

"कशाला? पहिली आणि शेवटची तपासायची असते. शेवटची तपासलीय. लाल उंदरांच्या पोटात हिरव्यांचे जंतू सापडलेत. म्हणजे स्नेहलनं सुरुवातीलाच बाटल्यांचा घोळ केलाय. तीनदा सांगितलं तिला, मोजायला येत नसेल तर घरी जा!"

"पहिली तपासली?"

अरुणाबाईंची नजर फ्रिजरकडे वळली.

"डॉक्टरीणबाई," संयोगिताबाईंचा संयम संपत आला होता, "घरात चोरी झाली की आम्ही आधी विचारतो, वस्तू शेवटची कधी बघितली होती. तुम्ही एवढ्या शिकलेल्या. चार सोमवारांच्या लेंड्या फ्रिजरमध्ये आहेत, आणि तुम्ही माणसांना उलटं टांगताय."

"एकेक नमुना तपासायला किती मेहनत पडते, कल्पना आहे?"

"नाही. पण प्रकल्प बंद पडला तर तुम्हाला रिकामा वेळ भरपूर मिळेल."

अरुणाबाईंनी रागारागानं हातमोजे चढवले.

चार दिवस लागले. त्या चार दिवसांत सरनोबतांनी सहा वेळा फोन करून अहवाल कुठवर आला ते विचारलं, आणि दोनदा सुचवलं की 'तांत्रिक चूक' असं लिहून मोकळं व्हावं. पाचव्या दिवशी अरुणाबाई स्वतः जिना उतरून खाली आल्या. त्यांच्या हातात रंगीत आलेखांचे कागद होते, आणि चेहरा पार उतरला होता.

"पंचवीस ऑगस्ट, एक सप्टेंबर, आठ सप्टेंबर," त्यांनी कागद एकेक करून मांडले. "लाल वेगळे, हिरवे वेगळे. दोन गावांसारखे. स्नेहलनं अगदी बरोबर दिले होते जंतू." त्यांनी शेवटचा कागद पुढे सरकवला. "आणि हा पंधरा सप्टेंबर. वीसच्या वीस लाल उंदरांत हिरव्यांचे जंतू शिरलेत."

"म्हणजे आठ ते पंधराच्या मधे."

"कुणीतरी सगळे एकत्र ठेवले. एक दिवस तरी. आणि मग पुन्हा आपापल्या पिंजऱ्यात घातले, कुणाला कळू नये म्हणून!" अरुणाबाईंनी नोंदवही ओढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "दहा सप्टेंबर, बुधवार. खराडे! मी आत्ताच्या आत्ता त्याच्या..."

त्या जिन्याकडे धावल्यासुद्धा.

४

"थांबा!" खात्यातला तो जुना आवाज निघाला, आणि अरुणाबाई दुसऱ्या पायरीवर थांबल्या.

"चार मिनिटांत चाळीस उंदीर उचलून होतात?"

"...नाही."

"बिल्ल्यावरचे नंबर बघून परत लावायला?"

"दीड तास तरी लागेल."

"आणि खराडेंना हेच करायचं असतं तर उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात हे त्यांनी मला आपण होऊन का सांगितलं असतं? खाली या. बसा. एक दिवस तरी सगळे एकत्र होते म्हणताय. मग त्या दिवशी खोलीत गेलेल्या प्रत्येकाला ते दिसले असते. आठवड्यात असा दिवस कोणता, ज्या दिवशी आत कुणीच जात नाही?"

अरुणाबाई बसल्या. "रविवार. शनिवारी दोन दिवसांचं खाणंपाणी ठेवतो, मग सोमवारी सकाळी सातपर्यंत कुणी जात नाही."

"तेरा तारखेचा शनिवार. वहीत काय आहे?"

एकच नाव होतं. बापूसो लोहार. आणि पंधरा तारखेच्या सोमवारी सकाळी सात वाजताही तेच.

अरुणाबाईंनी वही मिटली. "चौदा वर्षं. त्याला उंदराची शेपूट तुटली तरी जेवण जात नाही."

"म्हणूनच विचारते. त्यानं हे का करावं?"

कारण सापडत नसलेला गुन्हेगार संयोगिताबाईंना कधीच मानवला नव्हता. त्या उठून मागच्या बाजूच्या धुण्याच्या खोलीकडे गेल्या. उंदरांच्या खोलीत शिरणाऱ्याला दर वेळी धुतलेला, निर्जंतुक केलेला झगा घालावा लागतो, आणि बाहेर येताना तो टोपलीत टाकावा लागतो. नोंदवहीत नाव घालायचं राहू शकतं. झग्याशिवाय मात्र बापूसो कुणाला आत सोडणार नाही.

धोंडुबाई झगे उकळत होती. तिच्यामागे भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि दर शनिवारच्या चौकोनात पेन्सिलीनं एकेक आकडा.

"झगा हरवला की माझ्या नावानं शिमगा. म्हणून मी दर शनवारी आठवड्याचं झगं मोजून घेतो आणि लिवून ठेवतो," ती म्हणाली.

संयोगिताबाईंनी वहीतल्या एकेका आठवड्याच्या नोंदी मोजल्या आणि कॅलेंडरची पानं मागे उलटली. तीस ऑगस्ट: वहीत आठ, कॅलेंडरवर आठ. सहा सप्टेंबर: आठ आणि आठ. वीस सप्टेंबर: नऊ आणि नऊ. तेरा सप्टेंबर: वहीत नऊ. कॅलेंडरवर बारा.

"धोंडुबाई, हे बारा कसे?"

"त्यो आठवडा इचारूच नका!" धोंडुबाईनं काठी आपटली. "एका झग्याच्या गळ्याला ही एवढी पावडर थापल्याली. गुलाबी. उकळून निघंना, घासून निघंना. मी त्या स्नेहलला बोललो, बाई, उंदरास्नी बघायला जातीस का लग्नाला? तर ती रडायलाच लागली. म्हणं, मी पावडर लावत न्हाय. मग काय बापूसोनं लावली?"

"तो झगा आहे अजून?"

"बाजूला टाकलाय. डागाचा झगा आत चालत न्हाय की."

तिनं फळीवरून घडी काढली. गळ्याला फिकट तपकिरी-गुलाबी कड दिसत होती. संयोगिताबाईंनी झगा झटकून उघडला, खांद्याला लावला, आणि स्वतःवर धरूनच त्या उभ्या राहिल्या. त्यांच्यासारख्या दोन बायका त्यात सहज मावल्या असत्या.

स्नेहल नाही. काटकुळे खराडे नाहीत. बुटका बापूसो तर नाहीच. या मापाचा केंद्रात एकच माणूस होता.

५

"बापूसो, मी तुम्हाला गेल्या खेपेला प्रश्नच चुकीचे विचारले," संयोगिताबाई म्हणाल्या. दोघं वडाच्या पारावर बसले होते. "आता नीट विचारते. तेरा तारखेला, शनिवारी, सरनोबत सर दोन माणसं घेऊन खोलीत आलते का?"

बापूसोनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आलते."

"मग तेव्हाच सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं परकं कोण आलतं का. सर म्हणालेले, ही आपलीच माणसं हायत, वहीत घालू नको."

संयोगिताबाईंनी कपाळाला हात लावला. "कॅमेरावाले."

"व्हय. रौप्यमहोत्सवाची फिल्म. सरांनी तोंडाला रंग लावल्याला. मी झगं दिलं, टोप्या दिल्या. तोंडाची पट्टी त्येनी काढली, म्हणाले, चेहरा दिसाय पायजे." त्यानं मांडीवरची टोपी फिरवली. "पयल्यांदा पिंजऱ्यांची फिल्म काढली. कॅमेरावाला म्हणाला, एकेका डब्यात एकेक उंदीर, ह्यात काय मजा न्हाय. सगळं एकत्र पळताना दिसू देत. मग सर म्हणाले, बापूसो, त्या मोठ्या काचेच्या पेटीत सोड सगळी."

"आणि तुम्ही सोडली."

"मालक म्हणाल्यावर काय करू, म्याडम?"

"फिल्म किती वेळ चालली?"

"अर्धा तास. पण मला दुपारच्या बसनं हुपरीला जायचं हुतं. भणीच्या घरी म्हाळ. चाळीस नंबर बघून लावायचं म्हंजी दीड-दोन तास. सर म्हणाले, जा तू, उंदीर काय पळून जात न्हाईत, सोमवारी लाव. मी पेटीत खाणंपाणी ठेवलं, वरनं जाळी घातली. सोमवारी साताला येऊन एकेकाचा बिल्ला बघून जागच्या जागी ठेवलं. एकबी चुकला न्हाय."

त्याच्या आवाजात त्या शेवटच्या वाक्याचा अभिमान होता, आणि तोच ऐकवत नव्हता.

"बापूसो, प्रयोग बिघडला तेव्हा तुमच्या मनात हे आलं नाही?"

"कसं येणार? आकडा बरोबर, बिल्लं बरोबर. भांडली न्हाईत, चावली न्हाईत. दोन दीस एकत्र ऱ्हायली, एवढंच." तो संयोगिताबाईंकडे बघत राहिला. "एवढ्यानं बिघडतंय?"

चौदा वर्षांत उंदरांना वेगवेगळं का ठेवायचं, हे त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. ठेवायचं, एवढंच सांगितलं होतं. संयोगिताबाईंना त्याच्यावर रागावताही येईना. तेवढ्यात शिपाई धावत आला.

"मॅडम, सरांनी बोलावलंय. अहवाल त्यांनीच टाइप करून घेतलाय. तुमची फक्त सही पाहिजे म्हणाले."

६

अहवाल एका पानाचा होता. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की उंदरांची देखभाल करणारे कर्मचारी श्री. लोहार यांच्या निष्काळजीपणामुळे प्रयोग बिघडला असून त्यांना सेवेतून कमी करण्यात येत आहे.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं," संयोगिताबाई उभ्यानंच म्हणाल्या.

"काल रात्री कळलं," सरनोबत खिडकीबाहेर बघत म्हणाले. "उपाध्येबाईंनी पंधरा तारखेचा निकाल मला पाठवला, तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्याआधी खरंच माहीत नव्हतं हो. उंदीर ते उंदीर. मी हिशेब शिकलोय, जीवशास्त्र नाही."

"आणि तेव्हापासून?"

"रात्रभर झोप नाही." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "वडिलांनी हे केंद्र उभं केलं. पंचवीस वर्षं झाली. व्यासपीठावर दिल्लीचे लोक असणार. त्यांना काय सांगू? संचालकानं फिल्मसाठी प्रयोग मोडला? बापूसोला मी दुसरीकडे लावून देतो. त्याचं नुकसान होऊ देणार नाही."

"फिल्म दाखवता का?"

"आता?"

"आताच."

त्यांनी संगणक फिरवला. सनईच्या सुरावर केंद्राची इमारत आली, बाग आली, आणि मग पांढऱ्या झग्यात, रंगवलेल्या चेहऱ्यानं हसणारे सरनोबत. त्यांच्यापुढे काचेच्या पेटीत पांढरे उंदीर एकमेकांवर चढत धावत होते. संयोगिताबाईंनी चित्र थांबवलं. कानांवरचे बिल्ले स्पष्ट दिसत होते. लाल, हिरवा, हिरवा, लाल.

"ही फिल्म तुम्ही हजार लोकांपुढे दाखवणार होता. त्यातल्या एकालाही उपाध्येबाईंच्या प्रयोगाची माहिती असती, तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं," त्या म्हणाल्या. "सर, ऐका. बापूसो गेला तरी पत्र राहतंच. दिल्ली विचारणार, उंदीर एकत्र का केले? तो सांगणार, कारण त्याला खोटं बोलता येत नाही. धोंडुबाईकडे तुमच्या मापाचा झगा आहे. आणि हे सगळं मी माझ्या अहवालात लिहिणार आहे, तो संध्याकाळी जाणार. त्यात तुमचं निवेदन जोडायचं की नाही, एवढंच तुम्ही ठरवायचंय."

"तुम्हाला नोकरीची भीती नाही?"

"सर, मी उंदरांच्या लेंड्यांचा तपास करते. यातून मला काढणार कुठं?"

सरनोबतांनी टाइप केलेला अहवाल मधोमध फाडला आणि कोरा कागद ओढला. लिहिताना दोनदा खोडलं. सही मात्र एका झटक्यात केली.

७

निवेदन वाचून अरुणाबाई इतक्या ओरडल्या की खालच्या मजल्यावर ऐकू आलं. फिल्म, सनई, कॅमेरावाला, पट्टी काढलेलं तोंड, एकेकाचा उद्धार झाला. मग अचानक त्या पुन्हा आलेखावर वाकल्या.

"काय झालं?" संयोगिताबाईंनी विचारलं. खरं तर त्यांना घरी जायचं होतं.

"लाल उंदीर मेले नाहीत," अरुणाबाई हळू म्हणाल्या. "आजारी पोरांचेच जंतू होते त्यांच्या पोटात. दोन दिवस हिरव्यांबरोबर राहिले, आणि रोग दिल्यावर तगले. मी काहीही दिलं नव्हतं त्यांना."

"म्हणजे तुमचं म्हणणं खरं ठरलं?"

"नाही! असं काही ठरत नाही. कॅमेरावाल्याच्या हातावरचं काय गेलं असेल, देव जाणे. हे सगळं नीट, मुद्दाम, पुन्हा करावं लागेल. चार महिने. जानेवारी गेला." त्यांनी डोळे मिटले. "पण करण्यासारखं आहे."

दाराशी स्नेहल उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"मॅडम, पत्र मी लिहिलं होतं."

संयोगिताबाईंनी खुर्ची मागे घेतली. आता काय फुटणार, याची त्यांना कल्पना होती. पण अरुणाबाईंचा आवाज वाढला नाही.

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. तीनदा." स्नेहलच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान खाली नव्हती. "निकाल येत नाहीत म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, मोजायला येत नसेल तर घरी जा. मग मला वाटलं, पहिलेच खोटे असतील. जानेवारीत पोरांना द्यायचं होतं. एक पोरगी माझ्या मावशीच्या वस्तीवरची आहे. मला राहवेना."

भिंतीपलीकडे यंत्र घरघरत होतं. अरुणाबाई उठल्या, कपाट उघडलं आणि चार वर्षांच्या जाड वह्या दोन खेपांत आणून टेबलावर ठेवल्या.

"चौथ्यांदा विचार."

"काय?"

"जे विचारायचं होतं ते."

स्नेहलनं ओठ ओले केले. "तुमचे पहिले निकाल खरे होते का?"

"मला वाटतं, होते. पण माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस. बस इथं. पहिल्या पानापासून बघ. प्रत्येक आकडा."

स्नेहल बसली. संयोगिताबाईंनी पर्स खांद्याला लावली, पण पाय निघेना. पानं उलटत होती. दोघी वाकून बघत होत्या. एक विचारत होती, एक उत्तर देत होती, मधूनच चिडत होती आणि चिडल्याचं लक्षात येऊन गप्प होत होती. बावीस पानं झाली. तेविसाव्यावर स्नेहलचं बोट थांबलं.

"मॅडम, इथं वजनाची सरासरी चुकलीय. थोडीच. पण चुकलीय."

अरुणाबाईंनी चष्मा वर सरकवला. आकडे पुटपुटले, एकदा, दोनदा. केंद्रात सात वर्षं झाली, या बाईच्या तोंडून शहरी मराठीशिवाय एक शब्द कुणी ऐकला नव्हता.

"व्हय की गं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःचं पेन मुलीच्या हातात दिलं. "दुरुस्त कर. आणि बाजूला तुझी सही कर."